स्वतः छापलेलं पुस्तक आणि विकिपीडियाचं पान

स्वखर्चानं पुस्तक काढलेले लेखक हल्ली एक तक्रार फार कळवळून करतात. विकिपीडियावर त्यांच्याविषयी पान तयार होतं, दोन दिवसांत त्यावर ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’ अशी पाटी लागते आणि काही दिवसांनी पानच नाहीसं होतं. मग असा समज होतो की तिथंही कंपूशाही आहे, मोठ्या प्रकाशकाचं नाव पाठीशी नसेल तर कुणी विचारत नाही. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादन करतो आणि पुस्तकांवर माझा जीव आहे, त्यामुळे ही तक्रार मला लागते. पान का उडतं हे नीट समजलं तर निम्मा राग निवळेल. उरलेला निम्मा रास्त आहे, पण तो ज्यांच्यावर काढायला हवा ते विकिपीडियाच्या बाहेर आहेत.

सुरुवात करू या अगदी मुळापासून. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते. नोंद कुणी लिहायची हे मंडळ ठरवायचं, त्या विषयाचा जाणकार ती लिहायचा, संपादक तपासायचे आणि नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव छापलं जायचं. वाचक विश्वास ठेवायचा तो त्या नावांवर. विकिपीडियाची सगळी रचनाच याच्या उलट आहे. इंग्रजीत तो जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी. तिथं कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतं. लिहिणारा प्राध्यापक आहे की दहावीतला मुलगा, हे कुणाला ठाऊक नसतं आणि विचारलंही जात नाही. मग वाचकानं भरवसा ठेवायचा कशावर? याचं एकच उत्तर तिथल्या लोकांनी काढलं: पानावरची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आधी दुसरीकडे, विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेली असली पाहिजे. संपादकानं स्वतःचं मत घालायचं नाही, स्वतः शोध लावायचा नाही, फक्त छापून आलेल्याचा गोषवारा द्यायचा.

लेखकांना जाचक वाटणारे सगळे नियम या एका अटीतून निघतात. विषयावर पान करायचं की नाही, म्हणजे तो ‘उल्लेखनीय’ आहे की नाही, हे ठरवताना तीन गोष्टी पाहतात. त्या विषयाबद्दल कुणीतरी पुरेसं सविस्तर लिहिलेलं असावं. जिथं लिहिलं ती जागा भरवशाची असावी, म्हणजे तिथं छापण्याआधी तपासणारं कुणीतरी असावं. आणि लिहिणाऱ्याचा त्या विषयाशी हितसंबंध नसावा. पहिल्या दोन अटी लोकांना पटकन कळतात. खरी अडचण तिसरीत येते, म्हणून तिच्याकडे जरा जवळून बघू.

समजा, एका निवृत्त शिक्षकांनी फंडाच्या पैशातून पहिला कवितासंग्रह काढला. तीनशे प्रती छापल्या, शंभरेक वाटल्या, बाकीचे गठ्ठे माळ्यावर. त्यांच्या पुतण्यानं हौसेनं विकिपीडियावर पान केलं. पान असं सुरू होतं: ‘हे मराठीतील एक संवेदनशील कवी असून त्यांच्या कवितांनी रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवले आहे. पहिल्याच संग्रहाला वाचकांचा उदंड प्रतिसाद लाभला.’ खाली सहा संदर्भ जोडलेत. पुतण्यानं मेहनत घेतलेली आहे, संदर्भ द्यायचे असतात हेही त्याला ठाऊक आहे. आता एकेक संदर्भ उघडू.

पहिला, ऑनलाइन दुकानातलं पुस्तकाचं पान. तिथला परिचय लेखकानं स्वतःच भरलेला असतो आणि खालचे पाच तारे कुणी दिले हे तपासायला मार्ग नाही. दुसरा, फेसबुकवरची एक पोस्ट. ती कितीही मनापासून लिहिलेली असली तरी मधे संपादक नाही. तिसरा संदर्भ वजनदार वाटतो, कारण तो दैनिकातला आहे: ‘कवितासंग्रहाचे प्रकाशन उत्साहात.’ पण ही बातमी वाचा. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. कवितेबद्दल एक ओळ नाही. शिवाय हा मजकूर बहुतेक वेळा आयोजकांनीच पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकाचा असतो. सोहळा झाला एवढंच त्यातून सिद्ध होतं, त्यापलीकडे काही नाही.

चौथा संदर्भ प्रस्तावनेचा. एका नामवंत कवीनं सहा पानं लिहिली आहेत आणि ती चांगलीही आहेत. तरी ती चालत नाहीत, कारण प्रस्तावना लेखकाच्या विनंतीवरून लिहिली जाते आणि त्याच पुस्तकात छापली जाते. मलपृष्ठावरच्या ओळींचं तेच, गौरवग्रंथातल्या लेखांचंही बऱ्याच अंशी तेच. आपल्याकडे प्रस्तावनेला केवढा मान आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे इथं लेखक सर्वांत जास्त दुखावतात. पाचवा संदर्भ एका मासिकातल्या ‘साभार पोच’ या सदराचा: पुस्तकाचं नाव, कवीचं नाव, पृष्ठं, किंमत. मासिकाकडे पुस्तक पोचलं, इतकंच त्यात आहे. आणि सहावा, एका वाचनालयाचा पुरस्कार. पुरस्कार खरा आहे, पण त्याची बातमी त्या वाचनालयाच्याच पत्रकात आहे आणि परीक्षकांनी पुस्तकाबद्दल काय म्हटलं ते कुठंच छापलेलं नाही.

सहाच्या सहा बाद झाले. ‘रसिकांच्या मनावर अधिराज्य’ या वाक्याला आधार उरला नाही, म्हणून ते काढलं. ‘उदंड प्रतिसाद’ काढला. जे उरलं त्यात कवीचं नाव, जन्मगाव आणि पुस्तकाचं नाव एवढंच होतं. कविता चांगल्या असतील, कदाचित फार चांगल्या असतील. पण चांगल्या आहेत की नाहीत हे ठरवायचा अधिकार संपादकाला दिलेलाच नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे. उद्या एखाद्या संपादकाला कविता आवडली म्हणून पान राहिलं आणि दुसऱ्याला आवडली नाही म्हणून उडालं, तर ज्या कंपूशाहीची तक्रार आज होते ती खरोखर सुरू होईल.

पुस्तकाच्या पानासाठी इंग्रजी विकिपीडियानं वेगळे निकषही लिहून ठेवले आहेत. पुस्तकावर दोन किंवा अधिक स्वतंत्र, नुसता उल्लेख नसलेली लिखाणं आलेली असणं, मोठा साहित्य पुरस्कार मिळालेला असणं, त्यावर महत्त्वाचा चित्रपट निघालेला असणं, एकाहून अधिक शाळा-महाविद्यालयांत ते अभ्यासाला असणं, किंवा लेखकच इतका ऐतिहासिक महत्त्वाचा असणं की त्याचं प्रत्येक पुस्तक नोंदीला पात्र ठरावं. यांतला एक निकष पुरला तरी पुष्कळदा भागतं. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो. मराठीत नियमांचं एवढं बारीक जाळं नाही, पण तत्त्व हेच आहे.

या यादीत ‘प्रकाशक नामांकित असावा’ असं कलम नाही. स्वप्रकाशन हा दोष मानलेला नाही, तसा तो गुणही मानलेला नाही. पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असला तरी त्यानं काही सिद्ध होत नाही. भारतात तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. पुस्तक अस्तित्वात आहे, एवढीच ती नोंद.

स्वतः छापलेलं पुस्तक या चाळणीतून सहज पार होतं, याचं उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. १९७६ साली आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ नावाचं प्रकाशन चालवलं. इंग्रजी कविता छापायला व्यापारी प्रकाशक पुढं येत नव्हते, म्हणून कवींनीच एकमेकांची पुस्तकं काढली. मुखपृष्ठं कोलटकरांनी केली. जाहिरात क्षेत्रातला माणूस, हात तयार होता. ‘जेजुरी’ हे त्यांचं पुस्तक याच प्रकाशनाचं. मोठं प्रकाशनगृह नाही, वितरणाची यंत्रणा नाही. १९७७ साली त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, परीक्षणं आली, पुढे ते अभ्यासक्रमांत गेलं, त्यावर प्रबंध झाले. आज त्या पुस्तकाच्या नोंदीवर कुणी बोट ठेवणार नाही, कारण त्याच्याबद्दल इतरांनी भरभरून लिहिलेलं आहे. ते छापलं कुणी याची विचारपूस तिथं होतच नाही.

प्रस्थापित लेखकालाही हा नियम सुटलेला नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या एका कादंबरीतलं मुख्य पात्र अमुक एका समीक्षकावरून सुचलं असावं, असा परीक्षकांचा तर्क विकिपीडियावर नोंदलेला होता. रॉथ यांचं म्हणणं, हे साफ चूक आहे, ते पात्र मला माझ्या एका प्राध्यापक मित्राच्या आयुष्यातल्या प्रसंगावरून सुचलं. त्यांनी मध्यस्थामार्फत दुरुस्ती मागितली, तर उत्तर आलं की दुय्यम स्रोत, म्हणजे दुसरीकडे छापून आलेला आधार, हवा. पुस्तक ज्यानं लिहिलं त्याचाच शब्द पुरेसा नाही! शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये रॉथ यांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर लांबलचक अनावृत पत्र लिहिलं, आणि ते छापून आल्यावर त्याचा संदर्भ देऊन त्यांचं म्हणणं पानावर आलं. माझ्या मते रॉथ यांची चीड समजण्यासारखी होती. पण पडद्याआडून निरोप पाठवणारा माणूस खरोखर लेखकाचाच आहे हे संपादकानं ओळखायचं कसं? छापलेल्या पत्राखाली निदान एक जबाबदार संपादकीय विभाग उभा असतो.

आता रास्त रागाबद्दल. मे २०१८ मध्ये कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियानं परत केला. दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही, हे कारण. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झालं आणि काही तासांत पान उभं राहिलं. यावर बरीच टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. स्त्रियांच्या संशोधनाबद्दल वर्तमानपत्रं कमी लिहितात, म्हणून संदर्भ कमी, म्हणून पान नाही. विकिपीडिया हा आरसा आहे; समाजानं ज्यांच्याकडे पाहिलंच नाही ते त्यात दिसत नाहीत.

मराठीत ही गोष्ट फार जाचते. इंग्रजीतल्या बऱ्यापैकी कादंबरीला दोन परीक्षणं मिळणं अवघड नाही. मराठीत पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्या, स्वतःच पुस्तक काढलेल्या बाईला किंवा भटक्या-विमुक्तांतून पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलाला एक सविस्तर परीक्षण मिळवताना दम लागतो. रविवार पुरवण्यांतली पुस्तकांची जागा आटली आहे. मासिकं थोडी, त्यांची पानं थोडी, आणि संपादकांच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग. परीक्षण म्हणून जे छापलं जातं त्यातही बरंच स्नेह्यांनी स्नेह्यांबद्दल लिहिलेलं असतं. राग काढायचा तर या दुष्काळावर काढा. उल्लेखनीयतेची अट सैल केली तर या लेखकांना फायदा होईल असं वाटतं खरं, पण प्रत्यक्षात जागा पटकावतील ते ज्यांच्याकडे पैसा, कार्यकर्ते आणि प्रसिद्धीची यंत्रणा आहे ते. गावातल्या कवयित्रीचं पान मग त्या गर्दीत कुणाला सापडणार?

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देतो, आणि तो कृपया गांभीर्यानं घ्या. पान उडालं की काही लेखकांना निरोप येतात: ‘आम्ही विकिपीडियाचे तज्ज्ञ, एवढी रक्कम द्या, पान कायमचं राहील.’ असा धंदा जगभर चालतो. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक मोठी टोळी उघडकीस आली. ती नाकारलेले मसुदे हेरायची, त्या व्यक्तीशी किंवा व्यावसायिकाशी संपर्क साधायची, पैसे घेऊन पान चढवायची आणि नंतर पान टिकवण्यासाठी पुन्हा पैसे मागायची. या प्रकरणात ३८१ बनावट खाती बंद केली आणि दोनशेहून अधिक पानं काढून टाकली. ज्यांनी पैसे भरले त्यांचं पानही गेलं आणि नाव मात्र त्या प्रकरणाला चिकटलं. पैसे घेऊन संपादन करणाऱ्यानं ते उघड सांगितलंच पाहिजे, अशी अट जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापर-अटींत आहे. तुमच्याकडून पैसे मागणारा ते सांगत नसेल तर तो नियम मोडतोय. आणि पान ‘कायमचं’ राहील अशी हमी तिथला प्रचालकसुद्धा, म्हणजे पानं काढायचा अधिकार असलेला संपादकसुद्धा, देऊ शकत नाही.

स्वतःबद्दल स्वतः लिहिण्याला सरसकट बंदी नाही, पण तसं करू नका असं तिथं निक्षून सांगितलेलं आहे. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्या चरित्राच्या पानात बदल केल्याचं २००५ साली बाहेर आलं तेव्हा त्यांनाही बोलणी खावी लागली. पुतण्यानं, मुलीनं किंवा प्रकाशकानं लिहिलं तरी हितसंबंध तोच. यातला सरळ मार्ग असा: खातं उघडा, आपल्या सदस्य पानावर ‘मी या लेखकाचा नातेवाईक आहे’ असं लिहा, मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, तयार करा आणि चावडीवर (संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) किंवा संबंधित चर्चा पानावर संदर्भांसह इतरांसमोर ठेवा. पान आधीपासून असेल आणि त्यात जन्मसाल चुकलं असेल, तर चर्चा पानावर पुराव्यासकट सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी बदल करतं. मराठीत सक्रिय संपादक थोडे आहेत, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट काम करतात, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो. या भागात आमचंही थोडं चुकतं, असं मी मानतो. नवख्या माणसाला नुसती पाटी लावून वाटेला लावण्याऐवजी दोन ओळी समजावून सांगितल्या तर तो माणूस पुढे चांगला संपादक होऊ शकतो.

पान झाल्यावर ते लेखकाच्या मालकीचं राहत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. उद्या एखाद्या समीक्षकानं पुस्तकाची सालं काढली आणि ते नामांकित मासिकात आलं, तर तेही तिथं येणार. वाङ्मयचौर्याचा आरोप छापून आला तर तोही येणार. तुम्ही ते पुसायला गेलात तर तुमचं पुसणंही पानाच्या इतिहासात कायम दिसत राहतं. आणि पुस्तकाच्या विक्रीच्या पानाचा दुवा टाकला की गूगलवर आपण वर जाऊ, हा समजही सोडा. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना शोधयंत्रांनी वजन देऊ नये अशी खूण २००७ पासून लावलेली असते.

मग लेखकानं करायचं काय? मला विचाराल तर पानाचा नाद सोडून पुस्तक ज्यांच्या हातात पडायला हवं त्यांच्या हातात पडेल असं बघा. प्रकाशन सोहळ्याच्या हॉलवर आणि हारतुऱ्यांवर जेवढा खर्च होतो, त्यातल्या थोड्या भागात पन्नास प्रती टपालानं जातात. ‘साधना’, ‘ललित’, महाराष्ट्र साहित्य परिषदेची पत्रिका अशा नियतकालिकांकडे परीक्षणासाठी प्रत पाठवा, सोबत छोटं पत्र लिहा की पुस्तक कशाबद्दल आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागात द्या. तुमचं पुस्तक एखाद्या बोलीत, एखाद्या व्यवसायाबद्दल किंवा एखाद्या तालुक्याच्या इतिहासाबद्दल असेल, तर त्या विषयावर संशोधन करणारे विद्यार्थी शोधा. त्यांच्या प्रबंधात आलेली चार पानांची चर्चा प्रस्तावनेपेक्षा जास्त मोलाची ठरते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार असतात, तिथं पुस्तक वेळेत पाठवा.

आणि वाचकांनो, थोडं तुमच्याकडेही मागतो. स्वतः छापलेलं एखादं पुस्तक तुम्हाला आवडलं, लेखक तुमच्या ओळखीचा नाही, तर लेखकाला फोन करून ‘छान आहे’ म्हणण्यावर थांबू नका. सातशे-आठशे शब्दांचं परीक्षण लिहा, त्यात खटकलेलंही लिहा, आणि एखाद्या संपादित नियतकालिकाकडे पाठवा. जिल्हा दैनिकाची पुरवणीसुद्धा चालेल. अशी दोन परीक्षणं झाली की त्या पुस्तकाची नोंद करायला माझ्यासारखे लोक आनंदानं बसतात.

एक गोष्ट मात्र स्वप्रकाशित लेखक हटकून विसरतात, आणि ती त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढलं की तुम्हीच प्रकाशक. इंग्रजी विकिपीडियाच्या निकषांतही पुस्तक त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत असावं अशी किमान अपेक्षा नोंदलेली आहे. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्या गेल्यानंतर, १९५२ साली, मुलगा सोपानदेव यांच्या प्रयत्नानं पुस्तकरूपात आल्या. वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून अत्र्यांच्या हाती पडल्या. तुमच्या पुस्तकावर लिहिणारा माणूस कदाचित अजून शाळेतही गेला नसेल. तो शोधायला निघेल तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे शिल्लक असतीलच असं नाही, म्हणून त्या चार प्रती या महिन्यातच टपालात टाका.